गोठ्यामागची बसराई, भुसावळच्या हॉलमध्ये

आज, १८ फेब्रुवारीला, माझ्या कुंडीतल्या केळीचं नवं तिसरं पान पूर्ण उलगडलं. वीतभर लांब, कोवळं पोपटी, आणि कडेला कुठेही तपकिरी नाही. डिसेंबरात याच कुंडीतून कुजका वास येत होता, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते. कुंडीतली केळ हिवाळ्यात घरात जगवू बघणाऱ्यांना यातलं काहीतरी कामी येईल.

आधी झाडाविषयी. सावद्याला मामांच्या मळ्यात सगळी ग्रँड नैन जातीची केळ आहे, टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची). रावेर-यावल पट्ट्यात आता बहुतेक तीच दिसते. पण गोठ्यामागे सांडपाण्यावर बसराई या जुन्या जातीचं एक बेट मामींनी अजून राखलंय, आजीच्या हातचं. बसराई बुटकी, साधारण माणसाच्या उंचीची, म्हणून कुंडीला मला हीच हवी होती. आणि खरं सांगायचं तर आजीची म्हणूनही हवी होती. जूनमध्ये तिथून तलवारीसारख्या निमुळत्या पानांचं पील (बुडाशी फुटणारं पिल्लू) कंदासकट काढून आणलं. रुंद पानांचं पील दिसायला जास्त टवटवीत असतं, पण त्याला कंदाचं बळ नसतं. ते घेऊ नका. सप्टेंबरपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी नवं पान येत होतं.

घोटाळा दिवाळीत झाला, आणि तो मीच केला. १२ इंची कुंडीतून झाड थेट २० इंचीत हलवलं आणि मोकळी जागा मळ्यातल्या काळ्या मातीनं भरली. आमची बाल्कनी उत्तरेची, गार वारं थेट अंगावर येतं. म्हणून नोव्हेंबरअखेर कुंडी हॉलमध्ये आणली. पाणी मात्र उन्हाळ्यासारखंच, रोज तांब्याभर.

८ डिसेंबरला खालच्या पानांच्या कडा करपल्या. पोंगा, म्हणजे नव्या पानाची गुंडाळी, अडकला, वर सरकेचना. मला वाटलं झाड उपाशी आहे, म्हणून एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे खत पाण्यात विरघळवून दिलं. आठवड्यात आणखी दोन पानं पिवळी पडून लोंबली.

२० तारखेला वांग्याच्या भरताच्या जेवणाला सावद्याला गेले होते. मामांना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी पानांकडे नीट बघितलंही नाही. "अगं माय, पानांचं राहू दे. बुडाला वास येतो का ते सांग." मी वास कधी घेतलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. वरची दोन बोटं माती कोरडी, आणि खाली चिखल. नाल्याच्या गाळासारखा वास. केळीचं निरोगी मूळ पांढरट, बोटाला टणक लागतं. इथली बरीचशी मुळं चिमटीत धरली की साल हातात यायची आणि आत दोरा उरायचा. कंद धुतला. एका बाजूला तपकिरी, मऊ भाग होता. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुरीनं तो पातळ चकत्यांनी कापत गेले, पांढरा कडक गर लागेपर्यंत. जवळपास चौथाई कंद गेला. उरलेला लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवला आणि सावलीत सुकू दिला. परत १२ इंची कुंडी. या वेळी निम्मी जाडसर वाळू, बाकी कोकोपीट आणि थोडं जुनं शेणखत. काळी माती अजिबात नाही.

आता मुळाशी काय झालं होतं ते. केळीला २६ ते ३० अंश मानवतं. १६ अंशांच्या खाली तिची वाढ जवळजवळ थांबते, मुळं पाणी फार कमी उचलतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. म्हणून तर मळ्यात रात्री पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, वारा अडवायला वाऱ्याच्या बाजूला शेवरीची झाडं लावतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते मुळांना ऊब देतं. मी मात्र टाकीतलं गार पाणी गार फरशीवरच्या कुंडीत ओतत होते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर मातीत खोचला तेव्हा सकाळी ६ वाजता आकडा आला १३. खाली थर्माकोलचा जाड तुकडा ठेवला, कुंडीला गोणपाट गुंडाळलं, रात्री झाडावर मामांनी दिलेलं क्रॉप कव्हर (पिकावर घालायचं पातळ कापड) टाकायला लागले. तीन दिवसांनी त्याच वेळी १७. जागाही बदलली, दक्षिणेच्या खिडकीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्यानं तिथे ऊन दुपारभर आत येतं.

२८ डिसेंबरला मन घट्ट करून खोड बुडापासून वीतभर ठेवून तिरपं कापलं. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेली पानांची देठं. खरा कोंब बुडाशी, कंदाच्या माथ्यावर असतो, म्हणून हे चालतं. काप कांद्यासारखा, पाकळ्यापाकळ्यांचा. बाहेरच्या दोन पाकळ्या तपकिरी, मधला गाभा पांढराशुभ्र. चीक गळत होता (ओढणीवर डाग पडला, तो निघणार नाही). बॉलपेननं कापावर आरपार एक रेघ ओढली. गाभा जिवंत असेल तर रेघेचा मधला तुकडा वर सरकतो. पहिले दोन दिवस रेघ जशीच्या तशी. तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून बघितलं, मधला ठिपका दाण्याएवढा वर होता. तिथेच खाली बसून मामींना फोन लावला.

पाणी आता काडी खोचून ठरवते: चार बोटं खोल काडी कोरडी निघाली तरच, आणि तेही कोमट. जानेवारीत पूर्ण महिन्यात फक्त पाच वेळा दिलं. खत शून्य.

पहिलं पान संक्रांतीनंतर आलं, बोटाएवढं अरुंद. दुसऱ्याच्या पाठीवर फिकट ठिपके आणि बारीक जाळी दिसली. लाल कोळी ही बारीक कीड, घरातल्या कोरड्या हवेमुळे. ओल्या फडक्यानं पान खालून पुसलं, लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून आठवड्याच्या अंतरानं दोनदा फवारलं. आता जाळी नाही.

कापलेल्या बाजूला माती किंचित फुगली आहे, कदाचित पील असेल. उकरून बघायचा मोह रोज होतो, बघत नाही. कालपासून सकाळी ११ ते १ कुंडी शेजारच्या वहिनींच्या दक्षिणेकडच्या गॅलरीत नेते. रात्रीचं क्रॉप कव्हर होळीपर्यंत तरी काढणार नाही.