तालुक्याच्या कॉलेजात वायबीसीओची गोळी

वायबीसीओ (YBCO) म्हणजे यट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड. पुरेसं गार केलं की ते अतिसंवाहक होतं, म्हणजे विजेला अजिबात अडवत नाही. त्याची गोळी कॉलेजातच करता येते, आणि ती गार करायला लागणाऱ्या द्रव नायट्रोजनसाठी नागपूर गाठायची गरज नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेतमात्रा ज्या कंटेनरमध्ये बुडवून ठेवतात, त्यात तोच असतो. फक्त भरणीची गाडी येते त्या दिवशी मागा. एरवी पातळी खाली गेली तर रेतमात्रा वाया जातात आणि डॉक्टरसाहेब पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

नायट्रोजन 77 केल्व्हिनला उकळतो. 1986 मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर या भौतिकशास्त्रज्ञांना सापडलेल्या लँथॅनमच्या संयुगाला अतिसंवाहक व्हायला त्याहून बरीच जास्त थंडी लागायची. 1987 मधलं यट्रियम-बेरियम-तांब्याचं ऑक्साइड मात्र 92-93 केल्व्हिनलाच अतिसंवाहक होतं.

10 ग्रॅम मिश्रणासाठी यट्रियम ऑक्साइड 1.513, बेरियम कार्बोनेट 5.289 आणि कॉपर ऑक्साइड 3.198 ग्रॅम घ्या. पावसाळ्यात पावडरी ओल धरतात, वजन चुकतं, म्हणून आधी वाळवा. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी. मास्क आणि हातमोजे हवेतच. अगेटच्या खलात तासभर घोटा, ॲल्युमिनाच्या मुशीत 920 अंश सेल्सिअसला 12 तास तापवा. काढून पुन्हा घोटा, पुन्हा तापवा. कार्बोनेट शिल्लक राहतं ते इथेच, घोटायचा कंटाळा केल्यामुळे. पावडर काळीभोर हवी. हिरवी झाक म्हणजे 211 (यट्रियम, बेरियम आणि तांब्याचे अणू 2:1:1) हे दुसरंच संयुग झालं, बहुधा प्रमाण चुकून किंवा भट्टी जास्त तापून.

मग प्रेसमध्ये गोळी दाबून 940 अंशांना 12 तास.

खरी परीक्षा थंड करताना. तापलेल्या गोळीत ऑक्सिजन कमी असतो. तो 500 ते 450 अंशांच्या टप्प्यात हळूहळू आत शिरतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या प्रवाहात तिथे निदान 12 तास थांबा. सूत्रातला ऑक्सिजनचा आकडा (यट्रियमच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे अणू) 7 च्या जवळ गेला तर अतिसंवाहक, 6 कडे राहिला तर विसंवाहक. नेमकी याच वेळी लाइन गेली तर भट्टी भराभर निवते आणि गोळी अर्धवट राहते. ती फेकू नका, हाच टप्पा पुन्हा द्या. तापवताना लाइन गेली तर काहीच बिघडत नाही, फक्त वेळ जातो.

चाचणीला थर्माकोलची वाटी, नायट्रोजन आणि लहानसं निओडिमियम चुंबक पुरे. खिडक्या उघड्या ठेवा. वाटीत गोळी ठेवून नायट्रोजन ओता. उकळी शांत झाल्यावरच चुंबक प्लास्टिकच्या चिमट्याने गोळीवर सोडा. ते अधांतरी तरंगलं तर गोळी जमली. नंतर गार गोळीवर दव साचतं आणि पाणी तिला खातं, म्हणून बल्बखाली लगेच सुकवून सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.