कार्डिनल व्हायला परीक्षा असते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न मला नवा नाही. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत, माझी तीस वर्षं गेली. रोममध्ये पोप वारले आणि टीव्हीवर लाल टोप्यांची रांग दिसली, की डबा उघडता उघडता कोणीतरी म्हणायचंच, "काय हो, तुमच्या कॅथलिकांत कार्डिनल व्हायला काय लागतं? परीक्षा असते, की सिनिऑरिटीनं नंबर लागतो?" २०२५मध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हा मी निवृत्त होतो, तरी त्यासाठी फोन आले.

परीक्षा नाही, अर्ज नाही, ज्येष्ठता यादी तर नाहीच. पोपनी नाव जाहीर केलं की झालं. आणि कार्डिनल ही वेगळी दीक्षाही नव्हे. दीक्षा तीनच: डीकन, फादर, बिशप. कार्डिनल हा त्यावरचा मान, आणि त्याला जोडून एक मोठं काम, पुढचा पोप निवडायचं.

आमच्या घरात मात्र कार्डिनल म्हटलं की एकच माणूस, मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस. कारण त्यांनी माझ्या आईला मारलं होतं. म्हणजे असं, की आमची वसई तेव्हा मुंबईच्याच धर्मप्रांतात होती आणि दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याचा, संस्कार द्यायला बिशप मुंबईहून यायचे. जुन्या विधीत कपाळाला तेल लावून झालं की बिशप गालावर हलकी चापट मारायचे आणि लॅटिनमध्ये म्हणायचे, तुला शांती असो. साल १९४८, आई बारा वर्षांची. नवीन परकराच्या निऱ्या सारख्या करण्यात तिचं लक्ष, त्यामुळे चापट बसली तेव्हा ती दचकली आणि मागच्या मुलीच्या पायावर पडली. पुढे आयुष्यभर ती सांगायची, "मला कार्डिनलनं चापट मारली." ते तेव्हा कार्डिनल नव्हते, साधे सहायक बिशप होते. पण हे तिला सांगायची हिंमत बाबांनीही कधी केली नाही.

ग्रेशियस यांचा जन्म १९०० सालचा, कराचीतला. आईवडील गोव्याचे. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. श्रीलंकेतल्या कँडीच्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, शिक्षण, १९२६मध्ये फादर, मग रोममध्ये पुढचा अभ्यास, परत आल्यावर मुंबईच्या धर्मप्रांताचे प्रमुख, आर्चबिशप लिमा, यांचे सचिव. १९४१मध्ये कोलाब्याच्या होली नेम चर्चचे रेक्टर, म्हणजे प्रमुख फादर, तिथले पहिले भारतीय. इथवर कोणाही हुशार माणसाचं सेवापुस्तक असंच दिसेल.

गंमत पुढे आहे. मुंबईच्या आर्चबिशपच्या पदाला चक्क बिंदुनामावली होती, कोणती जागा कोणाच्या वाट्याची हे ठरवणारा तक्ता! मुंबईच्या ख्रिस्ती लोकांवर पोर्तुगालच्या राजाचा हक्क की थेट रोमचा, हे भांडण काही शतकं चाललं. एकाच शहरात दोन अधिकार, शेजारशेजारची चर्चं वेगवेगळ्या बिशपांची. आमची वसई दमणच्या पोर्तुगीज बिशपाकडे. १९२८मध्ये रोम आणि पोर्तुगालनं तडजोड केली: सगळं एक करा, आणि आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. त्याप्रमाणे लिमा पोर्तुगीज, त्यांच्यामागून १९३७मध्ये आलेले थॉमस रॉबर्ट्स इंग्रज. पुढचा बिंदू पुन्हा पोर्तुगीज. भारतीयाचा बिंदूच नाही.

रॉबर्ट्स हे जेझुइट, म्हणजे येशूसंघ या धर्मसंघातले. इंग्रज देश सोडून जाणार आणि मुंबईच्या गादीवर मात्र गोराच बसणार, हे त्यांना पटेना. पण राजीनामा दिला तर जागा रिकामी होणार आणि करारानं पोर्तुगीज येणार. आस्थापना शाखेतल्या माणसालाही सुचली नसती अशी युक्ती त्यांनी काढली. ग्रेशियस यांना १९४६मध्ये सहायक बिशप करून घेतलं, सगळा कारभार त्यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबई सोडून गेले. राजीनामा न देता. १९५०च्या जुलैत पोर्तुगालनं हक्क सोडला, रॉबर्ट्स रीतसर पायउतार झाले आणि डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले. लाल टोपीचं श्रेय मी निम्मं तरी या इंग्रजाला देतो. खुर्चीला चिकटलेली माणसं मी तीस वर्षं पाहिली, म्हणून असेल.

कार्डिनल पद आलं १९५३च्या जानेवारीत. पहिले भारतीय. त्याच तुकडीत रोंकाली नावाचे एक इटालियन होते, पुढे तेच पोप तेविसावे जॉन झाले. कार्डिनल हा कागदोपत्री रोमच्या धर्मगुरूंपैकी एक, म्हणून बहुतेकांच्या नावावर रोममधलं एखादं चर्च लावतात. ग्रेशियस यांच्या नावावर होतं सांता मारिया इन व्हिया लाता.

१९६४च्या युखरिस्तिक काँग्रेसला, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांच्या मेळाव्याला, पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारतात आलेले पहिले पोप, आणि यजमान ग्रेशियस. बाबा पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला उतरले आणि ओव्हल मैदानावर उभे राहिले. मी दोन वर्षांचा, आई माझ्यामुळे घरी. पोप कसे दिसले असं तिनं विचारलं तर बाबा म्हणाले, "शर्टाच्या बटणाएवढे." आईचा राग बरेच दिवस गेला नाही. दोन वर्षांनी ग्रेशियस यांना पद्मविभूषण मिळालं.

१९७८च्या ऑगस्टमध्ये पोप निवडायला रोमला जायचं होतं, पण आजारपणामुळे ते जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबरला गेले. आदल्याच वर्षी सायमन पिमेंटा यांना वारसाहक्कासह नेमून ठेवलं होतं, त्यामुळे त्याच दिवशी ते आर्चबिशप झाले.

हे मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो. आमचे हेडक्लार्क डब्याचं झाकण लावत म्हणाले, "म्हणजे तुमच्यात प्रभारी हा प्रकारच नाही?"

"होता की," मी म्हटलं. "१९४६ ते ५०."