जामीनदार नसताना मिळालेलं शैक्षणिक कर्ज

२०२१ च्या प्रवेशफेरीत पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. वडील लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात शिंपीकाम करतात. गावठाणात दोन खोल्या, शेती नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी शिकवणी फी सुटणार होती, तरी हॉस्टेल, मेस, लॅपटॉप धरून चार वर्षांचा आकडा साडेपाच लाखांवर जात होता.

तालुक्याच्या बँकेतल्या साहेबांनी फाइल उघडलीच नाही. "सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, नाहीतर तारण द्या." नात्यात तसे एकच, आत्याचे यजमान. त्यांच्याकडे शब्द टाकला तर म्हणाले, "संक्रांतीनंतर बघू." फी डिसेंबरात भरायची होती. मला त्यांचा राग नाही आला. दुसऱ्याच्या कर्जाला सही करून पगारातून हप्ते कापून घेणारे लोक आमच्या गावात आहेत.

मग एका सीनियरने सांगितलं, की साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतच नाही. वाचून खात्री केली. केंद्र सरकारची शैक्षणिक कर्ज हमी योजना २०१५ पासून आहे. देशातल्या शिक्षणासाठी ७.५ लाखांपर्यंतचं कर्ज बँकेने त्या योजनेत तारण आणि तिऱ्हाईत जामीन न घेता द्यायचं असतं. कर्ज बुडलं तर बुडालेल्या रकमेच्या ७५ टक्के हमी निधी सोसतो. आई-वडिलांपैकी एकाला मात्र सहकर्जदार, म्हणजे आपल्याबरोबरचा कर्जदार म्हणून सही करावीच लागते. जामीनदार आणि सहकर्जदार यांची गल्लत काउंटरवरसुद्धा होते, आणि गरीब घरातलं पोर तिथूनच परत फिरतं.

विद्यालक्ष्मी पोर्टलवर, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळावर, एकच फॉर्म भरून तीन बँका निवडल्या. कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं (सरकारी केंद्रीभूत प्रवेशफेरीचं) अलॉटमेंट लेटर, बोनाफाइड, चारही वर्षांच्या फीचा तक्ता, आधार, पॅन, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. फीचा तक्ता कॉलेजकडून सही-शिक्क्याचा आणि हॉस्टेल-मेससह घ्या. आमच्या कॉलेजने आधी फक्त शिकवणी फी लिहून दिली होती, तेवढ्यावर कर्ज बसलं असतं तर मेसचे पैसे कुठून आणायचे?

पहिल्या शाखेतून तोंडी नकार आला. वडिलांनी अर्जाची पोच मागितली आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, नाही म्हणायचं असेल तर तेवढं लिहून द्या." शैक्षणिक कर्जाचा अर्ज शाखेला परस्पर फेटाळता येत नाही, वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. साहेब एकदम चहा विचारू लागले. तरीही फाइल हलेना, म्हणून जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना भेटलो. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावले. शेवटी मंजुरी आली ती यादीतल्या दुसऱ्या बँकेकडून.

कर्ज चार लाखांच्या वर असेल तर ५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, भरावं लागतं. ते एकदम भरायचं नसतं, दरवर्षीच्या उचलीबरोबर द्यायचं. फी थेट कॉलेजच्या खात्यात जाते. दरवर्षी निकाल आणि कॉलेजचं मागणीपत्र वेळेत बँकेत नेऊन द्यायचं काम आपलं, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो.

खरा फायदा व्याजाचा झाला. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज नॅक मानांकित किंवा कोर्स एनबीए मान्य (या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) असेल, तर शिक्षणाची वर्षं आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. पण उत्पन्नाचा दाखला देऊन या व्याज अनुदानाचा अर्ज केलाय ना, हे मंजुरीच्या वेळीच विचारून घ्या. आणि पासबुक तपासत राहा. अनुदान उशिरा जमा होतं, तोवर खात्यात व्याज चढलेलं दिसतं. ते पाहून आईची झोप उडाली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांच्या विद्यार्थ्यांना जामीन-तारणाशिवाय कर्ज मिळतं. त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल तर, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढचं एक वर्ष व्याजात ३ टक्के सूट आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती लागू नाही. तुमचं कॉलेज त्या यादीत नसेल, तर मी गेलो तोच साडेसात लाखांचा रस्ता धरा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.