गाडीच्या अंगावरचं मीठ

आज इथे कॅनडात, मिसिसागात स्वच्छ ऊन पडलं आणि आम्ही दोघांनी अख्खी दुपार गाडीला दिली.

वरून चकचकीत करणं सोपं. खरं काम खालच्या बाजूला. बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या नळ्यांवर, सांध्यासांध्यांत बसलेलं असतं. कडक थंडीत गंज सावकाश चालतो, पण ऊब वाढली की वेग धरतो. म्हणून बर्फ संपला की लगेच खालून जोरदार पाण्याने धुवायचंच. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती हमखास चिखलाने बुजतात. आज त्यांतून केवढा गाळ निघाला! ही भोकं कोणी बघत नाही आणि दारं तिथूनच सडतात.

आत गालिच्यावर बुटांनी आणलेल्या मिठाचे पांढरे डाग होते. कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्मं, शिंपडून थोडं मुरू द्यायचं, मग जुन्या टॉवेलने दाबून टिपायचं. दोनदा केलं की जातात. वास संध्याकाळपर्यंत उडतो.

तापमान सलग ७ अंशांच्या वर राहायला लागलं की विंटर टायर, म्हणजे हिवाळ्यासाठीचे खास टायर, काढावेत. त्यांचं रबर मऊ, उन्हाळ्यात भराभर झिजतं.

यंदा भारतातून नव्याने आलेली आपली बरीच मंडळी इथे आहेत. पहिलाच हिवाळा असेल तर निःसंकोच विचारा. जॅक आणि टॉर्क रेंच (नट नेमक्या ताकदीने आवळायचा पाना) आमच्याकडे आहे, शनिवारी सकाळी या, चहा घेता घेता टायर बदलून टाकू.