हात नाही, आजींना वळव

खांद्याचा एक्स-रे मला सोपा वाटायचा. वर्गात आम्ही एकमेकांच्या खांद्यांवर सराव केला होता. तळहात पुढे करून दंड बाहेर वळवला की मोठी ट्युबरोसिटी, म्हणजे दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचा मोठा उंचवटा, बाहेरच्या कडेला उठून दिसते, आत वळवला की छोटी आतल्या बाजूला येते. पण आमचे सगळ्यांचे खांदे धडधाकट होते.

एक्स-रे काढण्याच्या प्रशिक्षणाच्या तिसऱ्या महिन्यात एक आजी व्हीलचेअरवरून आल्या. घसरून पडलेल्या, उजवा हात स्लिंगमध्ये आणि त्यावर डाव्या हाताची घट्ट पकड. "आजी, हात जरा सरळ करा हं," म्हणत मी सवयीने त्यांच्या कोपराकडे हात नेला.

"हात लावू नकोस," मागून मॅडम म्हणाल्या. दंडाचं हाड वर, त्याच्या गोळ्याखालच्या 'माने'पाशी मोडलेलं असलं, तर फिरवताना तुकडे सरकतात. शेजारच्या नसेला आणि रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

"मग रोटेशन कसं मिळणार?"

"नाही मिळालं तर राहू दे. हात नाही, आजींना वळव."

आजींना स्टुलावर, पाठ डिटेक्टरकडे, म्हणजे एक्स-रे टिपणाऱ्या पाटीकडे, करून बसवलं. पाठ सपाट टेकली की दंडाचा गोळा आणि खवाट्याची वाटी एकमेकांवर चढतात, कारण खवाटा पाठीवर तिरका बसलेला असतो. दुखऱ्या बाजूकडे अंग 35 ते 45 अंश वळवलं की मधली फट उघडते. मी अंदाजाने वळवलं ते कमीच पडलं. वाटीची कड गोळ्यावर तशीच. पुन्हा एक एक्स्पोजर द्यावं लागलं आणि त्याची बोच अजून आहे.

खरी भीती वाय व्ह्यूची होती; त्यात खवाटा कडेने, इंग्रजी Y सारखा दिसतो. आता तोंड डिटेक्टरकडे, दुखरा खांदा त्याला टेकलेला, अंग 45 ते 60 अंश तिरकं. आकडा पाठ असून उपयोग नसतो; वाकलेल्या पाठीचा कोन वेगळाच निघतो. मॅडमनी माझी बोटं खवाट्याच्या आतल्या कडेवर ठेवली आणि खवाटा डिटेक्टरला काटकोनात उभा राहीपर्यंत स्टूल हळूहळू फिरवायला लावलं. गोळा वायच्या बेचक्यात दिसला तर सांधा जागेवर. पुढे निखळलेला खवाट्याच्या पुढच्या टोकाखाली, कोरॅकॉइडखाली दिसतो, मागे निखळलेला मागच्या टोकाखाली, अक्रोमियनखाली. आणि हा मागचा नुसत्या एपीत, म्हणजे समोरून काढलेल्या एक्स-रेत, सहज नजरेतून सुटतो.

दंडाच्या एपीत खांदा आणि कोपर दोन्ही सांधे यायलाच हवेत, म्हणून डिटेक्टर लांबीत घेतला. लॅटरल, म्हणजे बाजूने घ्यायचा, तो छातीतून. चांगला हात डोक्यावर, दुखरा डिटेक्टरला चिकटलेला. इथे "श्वास रोखा" म्हणायचं नाही, हे मला नवीन होतं. दोन-तीन सेकंदांचं लांब एक्स्पोजर आणि तेवढा वेळ हलका, संथ श्वास. फासळ्या हलत राहून धूसर होतात, दंड स्थिर राहतो. आजींना हे सगळ्यात छान जमलं.

स्क्रीनवर दंडाच्या हाडाची मान मोडलेली दिसत होती. गोळा मात्र जागेवर.

"काय गं, मोडलंय का?" आजींनी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील आजी," म्हणत मी मानेवर रुतलेला स्लिंगचा पट्टा जरा सरकवला.