तुम्ही विचारलंत म्हणून: मधमाश्यांच्या वस्तीत दाराबाहेर कोण जातं?

"आमच्या रोलप्लेइंग गेममध्ये मधमाश्यांसारखी माणसं आणायची आहेत, त्यांचा समाज कसा रचू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो (रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येक खेळाडूने एकेक पात्र होऊन, फासे टाकत टेबलावर गोष्ट खेळायची), आणि बहुतेकांनी सुरुवात राणीपासून केलेली असते. तिथेच घोटाळा होतो. राणी हुकूम सोडते आणि बाकीच्या पाळतात असं एकदा लिहिलं, की त्या वस्तीतल्या पात्राला स्वतः ठरवायला काही उरत नाही. दोन सेशनमध्ये खेळाडू कंटाळतो. खऱ्या पोळ्यात राणी अंडी घालते आणि ती जिवंत आहे हे तिच्या गंधावरून सगळ्यांना कळत राहतं. कामाची वाटणी ती करत नाही, ती मुख्यतः वयावर होते. म्हणून सुरुवात वयापासून करा.

कामकरी माशी कोशातून बाहेर आली की आधी खोल्या साफ करते, मग अळ्यांना भरवते, मग मेण काढून पोळं बांधते, थोडे दिवस दारावर पहारा देते आणि साधारण तीन आठवड्यांनी बाहेर उडू लागते. उन्हाळ्यातलं तिचं आयुष्य सहा आठवड्यांच्या आसपास. आता एक दिवस म्हणजे एक वर्ष धरा. तीन वर्षं सफाई, आठ वर्षं दाईचं काम, सात बांधकाम, तीन पहारा आणि उरलेली एकवीस बाहेर. वर्षाला 20 जन्म धरले तर 60 सफाईवाल्या, 160 दाया, 140 गवंडी, 60 पहारेकरी आणि 420 बाहेरच्या होतात. बाहेर मरण जास्त, म्हणून शेवटचा आकडा निम्मा करा. वस्ती 630 जणींची झाली. कोशातला काळ मात्र याच मापाने मोजू नका. अंड्यापासून कामकरी तयार व्हायला 21 दिवस लागतात. त्याची 21 वर्षं केलीत तर 420 भरलेल्या खोल्या सांभाळाव्या लागतील. तीन वर्षं धरा, 60 खोल्यांत भागतं.

या हिशोबातून जे निघतं ते मला फार मोलाचं वाटतं. सगळ्यात धोक्याचं काम सगळ्यात म्हाताऱ्यांच्या वाट्याला येतं. दाराबाहेर पडणारी, म्हणजेच तुमच्या खेळाडूचं पात्र, ही आजी असते. पंखांच्या कडा फाटलेल्या, अंगावरची लव झिजून पाठ काळी तुळतुळीत झालेली. घरातली कुठली भिंत तिने उभी केली, कुठल्या पहारेकरणीला तिने भरवलं, हे पात्राच्या कागदावर आधी लिहा, शस्त्रं नंतर. तरुण पात्र हवंच असेल तर कारणही पोळ्यातच मिळतं: बाहेरच्या एकदम मेल्या की कोवळ्या माश्या वेळेआधी बाहेर पडतात.

नरांचं थोडक्यात. ते फलन न झालेल्या अंड्यांतून येतात आणि थंडीच्या तोंडावर हाकलले जातात. त्यांना नांगी नसते, कारण नांगी हा अंडी घालण्याच्या अवयवाचाच बदललेला प्रकार आहे. नर पात्राला नांगी देण्याची चूक फार होते.

निर्णयासाठी दरबार नको, नाच ठेवा. पोळं फुटतं, म्हणजे एका वस्तीच्या दोन होतात, तेव्हा जुनी राणी मोठा थवा घेऊन निघते, थवा फांदीला लटकतो आणि शोधक माश्या नव्या घरासाठी जागा बघून येतात आणि नाचून ती इतरांना सांगतात. जागा चांगली तितक्या नाचाच्या फेऱ्या जास्त, पण दर खेपेला त्याच माशीच्या फेऱ्या कमी होत जातात. टेबलावर हे असं उतरतं: जागेला 1 ते 10 गुण द्या, शोधक पहिल्या खेपेला तितके सहा बाजूंचे फासे टाकेल, पुढच्या प्रत्येक खेपेला दोन कमी. दर षटकाराला एक नवी शोधक तिच्या बाजूला येते. आठ गुणांच्या जागेला एकीमागे 8, 6, 4, 2 असे 20 फासे पडतात, म्हणजे सरासरी तिघींहून जास्त. तीन गुणांच्या जागेला चारच फासे, सरासरीने एकही नाही. वाईट जागा कुणी खोडून न काढताही विझते. नव्या जागेवर 15 जणी जमल्या की निर्णय झाला. मोजणी फांदीवर नको, खऱ्या माश्याही गर्दी नव्या जागेवरच जोखतात.

नकाशा काढताना गल्ल्या अरुंद ठेवा. अमेरिकन मधमाशीपालक लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये हेरलं, की 6 ते 9 मिलिमीटरची फट माश्या मोकळी ठेवतात. त्याहून लहान फट राळेने बुजवतात, मोठी असली तर तिथे पोळं बांधतात. दीड मीटर उंचीच्या माणसांना हे माप लावलं तर वाट जेमतेम एक मीटरची होते, दोघांना शेजारी उभं राहून लढता येत नाही. शिवाय नांगी मारली की धोक्याचा गंध सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. ज्याच्या अंगाला तो लागला त्याच्यावर सगळ्या तुटून पडतात, मग मित्र असो की पाहुणा.

आणि राणीबद्दल विचारलंच आहे, तर तिचा खरा उपयोग तिच्या मरणात आहे. तीन दिवसांच्या आतली अळी मिळाली तरच दाया तिला रॉयल जेलीवर, म्हणजे स्वतःच्या ग्रंथींतून काढलेल्या खास खाद्यावर, वाढवून राणी करू शकतात. शेवटचं अंडं घातल्यापासून अंड्याचे तीन आणि अळीचे तीन असे सहा दिवस, कोशाच्या आपल्या हिशोबात साधारण दहा महिने. ही मुदत टळली की काही काळाने कामकरीच अंडी घालू लागतात. रिकाम्या खोल्या पुन्हा भरतात, दायांना काम मिळतं, वस्तीला हायसं वाटतं, आणि कोश फुटल्यावर आतून निघतात ते सगळे नर.