तुम्ही विचारलंत म्हणून : मोठ्या ऑफिसातले अवघडलेपण

सीए होऊन नुकतीच नोकरीला लागलेली, घरातून अशा मोठ्या ऑफिसात पोहोचलेली पहिलीच मुले-मुली मला हमखास विचारतात, ‘ताई, तुम्ही लालबागच्या चाळीतून आलात, लोअर परळच्या काचेच्या इमारतीत तुम्हाला परके वाटत नाही का, आणि वाटले तर काय करता?’ वाटते. पूर्वी रोज वाटे, आता अधूनमधून वाटते.

हल्ली याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये ही कल्पना मांडली, ती कर्तबगार असूनही स्वतःच्या बुद्धीविषयी साशंक असणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवावरून. माझी शंका बुद्धीविषयी नव्हतीच. ताळेबंद मला वाचता येत होता. जमत नव्हत्या त्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा. कोणती शाळा, सुट्टीत कुठे, वडील काय करतात? वडील कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात जे सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांतले ते एक. पुढे त्यांनी रखवालदारी केली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर इतर बांधकामांची वाट मोकळी केली, आणि आमचे ऑफिस अशाच एका आवारात उभे आहे. हे सगळे सांगायचे, की ‘निवृत्त आहेत’ म्हणून विषय संपवायचा, हे ठरवण्यातच माझा घास अडकत असे. आता मी सरळ ‘गिरणीत होते’ असे सांगते. त्यावर काय बोलावे हे समोरच्याला सुचले नाही, तर ती अडचण त्याची.

खरे अवघडलेपण मात्र पैशाचे असते आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. बाहेरगावच्या ऑडिटला हॉटेल-टॅक्सीचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून करायचा आणि बिले लावून तो पुढच्या महिन्यात परत मिळवायचा, ही रीत ज्यांनी पाडली त्यांच्या घरी वीस-पंचवीस हजार रुपये अडकून पडले तरी काही बिघडत नसावे. आमच्याकडे त्यात भावाची फी आणि आईची औषधे होती. शेवटी अकाउंट्समध्ये जाऊन आगाऊ रक्कम मिळते का, असे विचारले, तेव्हा कळले की त्यासाठी चक्क छापील फॉर्म आहे. कोणी मागत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. तेव्हापासून ऑफिसातले न लिहिलेले नियम मी कामाचा प्रश्न विचारावा तसे, ओशाळे न होता विचारून घेते. पार्टीचे बिल कोण देणार, भागीदारांना ‘सर’ म्हणायचे की नावाने हाक मारायची, हेसुद्धा.

बोलण्याची ढब मात्र मी सगळीच बदललेली नाही, आणि त्याचा धंद्यात उपयोगही होतो. मालमोजणीला गोदामात गेल्यावर सहकारी यादी काढतात; मी आधी स्टोअरकीपर काकांबरोबर चहा घेते. मागच्या रांगेतली खोकी वर्षभर हललेली नाहीत, हे बिन कार्ड, म्हणजे मालाच्या आवक-जावकीची नोंद, पाहण्याआधीच त्यांच्या तोंडून कळते, आणि पडून राहिलेल्या मालाची किंमत पुस्तकात कमी करावी लागेल का, हा वर्षअखेरचा वादाचा मुद्दा तिथेच हाती लागतो.

तेव्हा तुमचा पहिला दौरा ठरला असेल, तर तिकीट हातात पडण्याआधी अकाउंट्समध्ये जाऊन तो फॉर्म मागा. त्यावर सही बहुधा मॅनेजरची लागते, आणि शुक्रवारी दुपारनंतर मॅनेजर जागेवर सापडत नाहीत.